अहिल्यानगर जिल्ह्यातील आपत्ती जोखीम आणि पूर्वतयारी

अहिल्यानगर जिल्हा (पूर्वीचे नाव अहमदनगर जिल्हा) हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. चौदा तालुके आणि सुमारे सोळाशे गावे असलेल्या या जिल्ह्यात दुष्काळ ही सर्वांत जुनी व वारंवार येणारी आपत्ती होय. त्याखेरीज गोदावरी, प्रवरा, भीमा व सीना या नद्यांचे पूर, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील दरडी, वीज व गारपीट, धरणांची सुरक्षितता, आगी आणि यात्रास्थळांवरील गर्दी यांची गणना येथील आपत्तींच्या धोक्यांत होते. जिल्ह्याचा विस्तार मोठा व भूरचना विषम असल्याने संपूर्ण जिल्ह्यासाठी काढलेली सरासरी येथे फारशी उपयोगी पडत नाही. जोखमीचे खरे मोजमाप गाव आणि वस्ती या पातळीवरच करावे लागते.

संकल्पना

व्यवहारात धोका आणि जोखीम हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. आपत्ती व्यवस्थापनाच्या शास्त्रात मात्र त्यांत भेद केला जातो. नदीला येणारा पूर हा धोका होय. त्या पुराच्या टप्प्यात किती माणसे, घरे, जनावरे व पिके आहेत, ती घरे मातीची आहेत की पक्की, घरातील वृद्ध व आजारी माणसांना हलविण्याची सोय आहे की नाही, सूचना किती वेळ आधी मिळते आणि मिळाल्यावर काय करायचे हे लोकांना ठाऊक आहे काय, या सर्वांचा एकत्रित विचार केला म्हणजे जोखीम ठरते. थोडक्यात, धोका, त्याच्या टप्प्यातील माणसे व मालमत्ता, त्यांची असुरक्षितता आणि तिला तोंड देण्याची क्षमता असे जोखमीचे चार घटक मानले जातात. धोका टाळणे बहुधा माणसाच्या हाती नसते. उरलेले तीन घटक मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असतात व पूर्वतयारीचा संबंध त्यांच्याशी येतो.

बेटांवरील राष्ट्रांच्या उदाहरणाने ही मांडणी लवकर समजते. प्रशांत महासागरातील वानुआतू हे राष्ट्र विश्व जोखीम अहवालाच्या क्रमवारीत अनेक वर्षे पहिल्या स्थानी होते. चक्रीवादळे, भूकंप व ज्वालामुखी हे तेथील धोके आहेतच. परंतु लोकवस्ती लहान लहान बेटांवर विखुरलेली असणे आणि बाहेरची मदत समुद्र ओलांडून येणे, हीदेखील त्या क्रमांकामागची कारणे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि ओढ्यावरचा पूल पाण्याखाली गेला की पलीकडची वस्ती काही तासांपुरती बेटच होते. श्रीरामपूर व वैजापूर तालुक्यांच्या सीमेवर, गोदावरीच्या पात्रात असलेले सराला बेट हे तर नावाने आणि रूपानेही बेट आहे. गंगागिरी महाराजांच्या या स्थानाला मोठ्या पुरात चारही बाजूंनी पाण्याचा वेढा पडतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच तालुक्यात आहे. घाटघर व रतनवाडी परिसरात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने घटत जातो. सह्याद्रीने मोसमी वाऱ्यांतील बाष्प अडवून धरल्यामुळे संगमनेरपासून पूर्वेचा जवळजवळ सर्व प्रदेश पर्जन्यछायेत येतो आणि जिल्ह्याच्या मध्य व पूर्व भागांत सरासरी पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. एकाच जिल्ह्यातील दोन गावांच्या पावसात आठपटींहून अधिक फरक असणे ही गोष्ट जोखमीच्या अभ्यासकाने पहिल्यांदा लक्षात घ्यावी अशी आहे.

उत्तर भागातील प्रवरा व तिची उपनदी मुळा या गोदावरीच्या खोऱ्यात मोडतात. दक्षिणेकडील घोड व सीना या नद्यांचे पाणी भीमेला मिळते. या दोन खोऱ्यांच्या मधला पारनेर, नगर, पाथर्डी व जामखेड तालुक्यांचा बराच भाग उंचवट्याचा, मुरमाड आणि हलक्या जमिनीचा आहे.

दुष्काळ

इ. स. १३९६ पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०–३२ चा दुष्काळ, १८७६–७८ चा दुष्काळ आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे दुष्काळ यांची झळ दख्खनच्या या भागाला तीव्रतेने बसली. निजामशाहीच्या काळात नगर शहराला पाणी पुरविण्यासाठी कापूरवाडी, भिंगार आदी आसपासच्या ठिकाणांहून खापरी नळ आणले गेले होते. शहर वसविताना पाण्याची चिंता किती आधीपासून करावी लागली, हे त्यावरून कळते.

आजच्या वृद्ध पिढीच्या आठवणीतील दुष्काळ म्हणजे १९७२–७३ चा. त्या वर्षी धान्याबरोबर रोजगारही संपला. सरकारने खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध अशी कामे काढली; मे १९७३ मध्ये राज्यभरात या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली होती. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी हे शब्द अजूनही ग्रामीण बोलण्यात टिकून आहेत. याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. काम मागणाऱ्याला काम देण्याचे बंधन राज्यावर घालणारी ही योजना म्हणजे दुष्काळातील असुरक्षितता कमी करण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत परिणामकारक उपाय मानता येईल, कारण तिने पावसाची तूट आणि उपासमार यांच्यातील साखळी तोडली. २०१२–१३, २०१५–१६ व २०१८–१९ या टंचाईच्या वर्षांत जिल्ह्याला जनावरांच्या छावण्या व पाण्याचे टँकर यांचा मोठा आधार घ्यावा लागला.

दुष्काळ ठरविण्याची जुनी पद्धत पैसेवारीची आहे. गावातील निवडक शेतांत पीककापणीचे प्रयोग करून प्रत्यक्ष उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना केली जाते; ते रुपयात पन्नास पैसे किंवा त्याहून कमी भरले तर गाव टंचाईग्रस्त समजले जाते. ही पद्धत गावपातळीवर चालते हा तिचा गुण होय, तर पीक हाती आल्यावरच निकाल कळतो हा दोष. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट, वनस्पतींची उपग्रहाने मोजलेली स्थिती, जमिनीतील ओल, पेरणीखालील क्षेत्र व भूजलपातळी हे निकष आणले. त्यामुळे निदान लवकर होऊ शकते. परंतु या पद्धतीत तालुका हा घटक धरला जात असल्याने सरासरीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नदीकाठची बागायती गावे आणि माळावरची कोरडवाहू गावे एकाच तालुक्यात मोडतात.

गावपातळीवरील जलव्यवस्थापनासाठी जिल्ह्यातील काही गावे देशभर प्रसिद्ध आहेत. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने १९७५ नंतर पाणलोटाची कामे झाली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यानंतर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सलग समतल चर आणि बंधारे यांबरोबर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा सुरू झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथील पाणलोट कार्यक्रम १९९० च्या दशकात झाला व तोही अभ्यासकांच्या परिचयाचा आहे.

हिवरे बाजारचा ताळेबंद हे जोखीम मूल्यमापनाचे साधे व उत्तम उदाहरण आहे. पावसाळा संपल्यावर पडलेल्या पावसाची नोंद आणि विहिरींची पातळी यांवरून उपलब्ध पाण्याचा अंदाज काढला जातो. माणसे व जनावरे यांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला ठेवले जाते आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी झाला असेल तर पिकांचे क्षेत्रही कमी होते. ऊस व शेतीसाठी कूपनलिका यांवर गावाने स्वतःच बंदी घातली आहे. बंधाऱ्यांची छायाचित्रे पाहून परतणाऱ्या अभ्यागतांच्या नजरेतून ही बंदी पुष्कळदा सुटते. प्रत्यक्षात चर खोदण्यापेक्षा पिकाचा मोह आवरणे अधिक कठीण असते. सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ ज्या जिल्ह्यात, प्रवरानगर येथे, १९५० साली झाला, तेथे उसाविषयी असा निर्णय घेणे किती अवघड आहे हे वेगळे सांगावयास नको.

टंचाईचा आणखी एक परिणाम आकडेवारीत सहसा दिसत नाही. विहिरी आटल्या की कूपनलिका घेतल्या जातात, पाणी लागले नाही की त्या तशाच सोडून दिल्या जातात. उघड्या कूपनलिकांभोवती कुंपण घालणे व निरुपयोगी कूपनलिका बुजविणे याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निर्देश दिले होते. तरीही मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे अशा कूपनलिकेत पडून एका ऊसतोड मजुराच्या लहान मुलाचा मृत्यू झाला.

पूर आणि धरणे

प्रवरेवरील भंडारदरा धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळातील भारतातील अत्यंत उंच धरणांपैकी एक होते. त्याची साठवणक्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट आहे. १९६९ मध्ये धरणाच्या बांधकामात तडे व गळती आढळून आल्याने पुढे आधारभिंती बांधून त्याचे मजबुतीकरण करावे लागले. त्याच्या खाली निळवंडे (८.३२ टीएमसी) आणि मुळा नदीवर राहुरी तालुक्यातील बारागाव नांदूर येथे मुळा धरण (२६ टीएमसी) आहे. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची भिंत छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण येथे आहे. त्याचा फुगवटा मात्र शेवगाव व नेवासा तालुक्यांपर्यंत येतो आणि या तालुक्यांतील अनेक गावांना त्यासाठी उठावे लागले. भीमेवरील उजनी धरणाचा फुगवटा अशाच प्रकारे कर्जत तालुक्याला लागून आहे.

पुराच्या दृष्टीने जिल्ह्यातील नद्यांचे दोन प्रकार पडतात. गोदावरी व भीमा यांचे पूर बाहेरून येतात. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी भागात मुसळधार पाऊस झाला की गंगापूर, दारणा इत्यादी धरणांतून सोडलेले पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून कोपरगाव, पुणतांबे व पुढे नेवासे या दिशेने येते. त्या वेळी कोपरगावात कदाचित ऊनही पडलेले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदाकाठच्या गावांनी असाच मोठा पूर अनुभवला. भीमेचा पूर पुणे जिल्ह्यातील धरणांच्या विसर्गावर अवलंबून असून तो दौंडमार्गे श्रीगोंदा व कर्जत तालुक्यांच्या सीमेवर येतो. अशा पुरात सूचनेला काही तासांचा अवधी मिळतो. विसर्ग किती क्युसेक आहे हे जाहीर केले जाते. परंतु एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट एवढी व्याख्या पाठ असून भागत नाही. अमुक हजार क्युसेक पाणी सुटले म्हणजे आपल्या गावाच्या घाटाची कितवी पायरी बुडते, मारुतीच्या पाराला पाणी केव्हा लागते, हे ज्या गावात नोंदवून ठेवलेले असते तेथे त्या आकड्याला अर्थ येतो.

दुसरा प्रकार सीना, नंदिनी यांसारख्या लहान, एरवी कोरड्या नद्यांचा. त्यांचे पाणलोट क्षेत्र लहान, उतार मोकळा आणि वरच्या बाजूला पाणी धरून ठेवणारे मोठे धरण नाही. दोन-तीन तासांच्या ढगफुटीसारख्या पावसाने त्या पात्राबाहेर पडतात. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस शेवगाव व पाथर्डी तालुक्यांत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत झालेल्या अतिवृष्टीत हे दिसून आले. ही सर्व नावे दुष्काळाच्या यादीतीलही आहेत. मे महिन्यात टँकरची वाट पाहणारे गाव सप्टेंबरात पाण्याने वेढले जाते, यात विसंगती नाही. हलक्या, उघड्या जमिनीवर पडलेला जोरदार पाऊस मुरण्यापेक्षा वाहून जातो. म्हणून डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत केलेली पाणलोटाची कामे टंचाईइतकीच पुरावरही उपयोगी पडतात.

नगर शहरातून वाहणाऱ्या सीनेचा प्रश्न निराळा आहे. राज्याच्या नियमांनुसार नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात: साधारणतः पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी वर्षातील बहुतेक दिवस नाल्यासारखी दिसत असल्याने या रेषा लोकांना अवास्तव वाटतात आणि पात्रालगत भराव व बांधकामे होत राहतात. शंभर वर्षांत एकदा या शब्दांचा अर्थ शंभर वर्षे निर्धास्त राहावे असा होत नाही. दर वर्षी तशा पुराची शक्यता शंभरात एक इतकी असते.

टंचाईग्रस्त जिल्ह्यात धरण चालविणे हेही जोखमीचे काम आहे. लाभक्षेत्राची अपेक्षा धरण शक्य तितक्या लवकर भरावे अशी असते, तर पूरनियंत्रणासाठी ऑगस्ट-सप्टेंबरात काही जागा रिकामी ठेवणे इष्ट असते. कोणत्या तारखेला किती साठा ठेवावा याचे वेळापत्रक जलसंपदा विभाग पाळतो; मात्र परतीच्या पावसाचा भरवसा नसलेल्या प्रदेशात साठा खाली ठेवण्याचा निर्णय कोणालाच प्रिय नसतो. त्यातच तुटीच्या वर्षी मुळा, भंडारदरा व निळवंडे या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने या समन्यायी वाटपाची चौकट ठरली असून २०१५, २०१८ व २०२३ मध्ये असे पाणी सोडण्यात आले. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांतील हा तंटा न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार मोठ्या धरणांसाठी आणीबाणी कृती आराखडा तयार करणे बंधनकारक आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात झालेला अनर्थ लक्षात घेता प्रवरा व मुळा काठच्या गावांना या आराखड्याची माहिती असणे आवश्यक ठरते.

मदत आणि अंतर

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तळ धुळे आणि नागपूर येथे आहेत. म्हणजे जिल्ह्यात कोठेही दुर्घटना घडली तरी प्रशिक्षित पथक पोहोचण्यास काही तास लागतात, आणि बुडणाऱ्या किंवा ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने तेच तास निर्णायक असतात.

मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातील सुगाव बुद्रुक येथे प्रवरा नदीत दोन तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी सुमारे दोनशे किलोमीटरवरील धुळे येथून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले. २३ मे रोजी शोधकार्य चालू असताना पथकाची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. ही घटना पावसाळ्यातील नव्हे, भर उन्हाळ्यातील आहे. बंधाऱ्यावरून कोसळणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते व त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढली जाते. वरून पाहणाऱ्याला तो प्रवाह शांत भासतो. नदीवरील प्रत्येक बंधाऱ्याखालची अशी ठिकाणे स्थानिक पोहणारे व मासेमारी करणारे ओळखून असतात. त्यांचे हे ज्ञान गावाच्या आराखड्यात लेखी उतरविणे हा पूर्वतयारीचा अगदी कमी खर्चाचा भाग आहे.

डोंगराळ भाग

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्या तीव्र उतारांच्या पायथ्याशी वसलेल्या आहेत. ३० जुलै २०१४ रोजी शेजारच्या पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले जाऊन दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्ही ठिकाणी सलग मुसळधार पाऊस आणि झोपेची वा पहाटेची वेळ हे समान दुवे होते. दरडीची पूर्वचिन्हे बहुधा दिसतात. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडे वा विजेचे खांब कलतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते किंवा आटते, घराच्या भिंतींना तडे जातात. अशी चिन्हे दिसताच स्थलांतर करावे लागते. त्यासाठी जवळची शाळा वा समाजमंदिर आधीच ठरलेले असले पाहिजे आणि ती इमारत स्वतः उताराखाली नसावी.

भूकंपाच्या दृष्टीने जिल्ह्याचा बहुतेक भाग मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतो. २०१८ मध्ये संगमनेर तालुक्यातील घारगाव–बोटा परिसरात सौम्य धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या मानलेल्या क्षेत्रात झाला होता, हे येथे नमूद केले पाहिजे.

वीज, गारपीट व वादळे

वळवाच्या पावसात वीज पडून शेतकरी, मेंढपाळ व जनावरे दगावण्याच्या घटना दर वर्षी घडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे मोबाईल उपयोजन परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस पारनेर तालुक्यातील काही गावांत गारपिटीने पिकांचे मोठे नुकसान झाले. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाचा मार्ग पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांवरून गेला. समुद्रातील वादळ आपल्यापर्यंत येणार नाही, ही समजूत त्यामुळे मोडली.

आग आणि गर्दी

६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडवर उपचार घेत असलेल्या ११ रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जानेवारीत भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत दगावली होती व त्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. अतिदक्षता विभागातील रुग्ण स्वतः उठून बाहेर जाऊ शकत नाही, तेथे प्राणवायूचे प्रमाण अधिक असते आणि विद्युत उपकरणे अहोरात्र चालू असतात. जोखमीचे चारही घटक एका खोलीत एकवटण्याचे असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. तपासणीचा अहवाल आणि प्रत्यक्ष दुरुस्ती यांमधील काळ हीच अशा ठिकाणची खरी जोखीम असते.

शिर्डी व शनिशिंगणापूर येथे वर्षभर, तर मढी, मोहटादेवी व कळसूबाई येथे यात्रा-उत्सवांच्या काळात मोठी गर्दी होते. नाशिक–त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्यातील बरेच भाविक शिर्डीलाही येतात. जानेवारी २००५ मध्ये सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मरण पावले. अरुंद वाट, एकच प्रवेशमार्ग व दुकानांची दाटी ही तेथील कारणे अन्य डोंगरी देवस्थानांनाही लागू पडतात.

शासकीय यंत्रणा

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण काम करते. जिल्हा आराखडा तयार करणे व तो दर वर्षी अद्ययावत करणे हे त्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रात जिल्हानिहाय आराखड्यांची सुरुवात या कायद्याच्या आधीच, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमातून झाली होती. जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे. कायद्यातील २०२५ च्या दुरुस्तीमुळे महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरण स्थापण्याची तरतूद झाली आहे.

नुकसानभरपाईचे नियम ठरलेले आहेत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी मानली जाते व पिकाचे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास मदत मिळते. मंडळासाठी पर्जन्यमापक बहुधा एकच असतो आणि मंडळात अनेक गावे असतात. पाच-सात किलोमीटरच्या पट्ट्यात ढग फुटला आणि मापक त्या पट्ट्याबाहेर असला, तर वाहून गेलेल्या शेताची नोंद पंचनाम्यावरच अवलंबून राहते.

गाव व वस्ती पातळीवरील तयारी

गावात तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि कोतवाल हे पूर्वसूचनेचे पारंपरिक दुवे आहेत. पूर्वी दवंडी पिटली जाई. पुढे मंदिर वा मशिदीवरील ध्वनिक्षेपक आला. या जिल्ह्यात शेतकरी कुटुंबे गावठाण सोडून शेतातील वस्त्यांवर मोठ्या प्रमाणात राहतात आणि तेथे ध्वनिक्षेपकाचा आवाज पोहोचत नाही. ही उणीव भरून काढणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा नाशिक, पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोलिसांच्या पुढाकाराने रुजली. ठरावीक क्रमांकावर एकाने दूरध्वनी करून संदेश दिला की त्याच्याच आवाजात तो संदेश गावातील सर्व नोंदणीकृत मोबाईलवर एकाच वेळी जातो. चोरी, आग, पूर, हरवलेले मूल आणि उसात वाढलेला बिबट्याचा वावर अशा निरनिराळ्या प्रसंगी तिचा वापर होतो.

आराखड्यांत हमखास सुटणारा गट स्थलांतरितांचा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, तर बाहेरच्या जिल्ह्यांतील व मध्य प्रदेशातील मजूर प्रवरा-गोदावरी काठच्या कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोप्या घालून राहतात. कोप्या बहुधा पाण्याच्या सोयीसाठी ओढ्या-कालव्यालगत असतात. पाचटाला आग लवकर लागते, बिबट्याचा वावर उसाच्या कडेलाच असतो आणि पहाटे अंधारात आईवडील फडावर गेल्यावर लहान मुले कोपीत एकटी असतात. जनगणनेत व शिधापत्रिकेवर ही कुटुंबे मूळ गावी मोजली जातात. ज्या गावाच्या शिवारात ती प्रत्यक्ष चार-पाच महिने राहतात, तेथील आराखड्यात त्यांची संख्या येत नाही आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेतही त्यांचे मोबाईल क्रमांक नोंदलेले नसतात. गळीत हंगामाच्या आरंभी मुकादमाकडील टोळीची यादी ग्रामपंचायतीने घेतली तर ही नोंद एका दिवसात होऊ शकते, कारण कोणती टोळी कोणत्या शिवारात उतरली आहे याची माहिती कारखान्याच्या शेतकी विभागाकडे असतेच.